साडेचोपन्न किलो

१

अष्टमीच्या पहाटे रंभा धारेला गेली, तिच्या चाहुलीनं बहुतेक गाई उठल्या. चांदणीनं कानही हलवला नाही. रंभानं तिच्या पाठीवर थाप मारली, मग वाकून नाकाशी हात नेला आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. अकरा दिवसांपूर्वी व्यालेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती गाय गेली होती. तिच्याच गटातल्या आणखी पाच गाई माना टाकून बसल्या होत्या. शेण पाण्यासारखं झालं होतं.

शफी काटेवाला कड कुटुंबाच्या मळ्यात पोचला तेव्हा आठ वाजले होते. समोरच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या धूळ उडवत चालल्या होत्या. चाकणच्या पंचक्रोशीत कुठंही वजनाचा काटा बिघडला की लोक शफीला बोलावत. कांद्याच्या वखारीतले काटे, भंगारवाल्यांचे काटे, कंपन्यांच्या दारातले ट्रक तोलायचे मोठे काटे, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. वय सदुसष्ट. अक्षरं तो पन्नाशी उलटल्यावर शिकला, नातीच्या पाटीवर. आकडे मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याचे सोबती होते.

अंगणात एक पत्र्याची पेटी, एक बाजलं आणि भांड्यांचं गाठोडं काढून ठेवलेलं त्यानं पाहिलं. त्याशेजारी कोंडीराम उभा होता. परभणीकडून आलेला, चार वर्षं या गोठ्यात गाईंचं खाद्य कालवणारा माणूस. रंभाचा नवरा.

"चाचा, बरं झालं आलात," निरंजन म्हणाला. मळ्याचा मालक तोच. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी, वाकडला चौदाव्या मजल्यावर घर. पहाटे रंभाचा फोन आला तसा गाडी काढून आला होता. "डॉक्टर येऊन गेले. दाण्याचा भरडा जास्त झालाय, कडब्याची कुट्टी कमी. पोटात सगळं आंबलंय. ह्या माणसानं चांदणीला मारलं. तुम्ही फक्त काटा तपासा आणि खरा आहे असं लिहून द्या. तो कागद घेऊन मी पोलिसांत जातो. आणि हे बाराच्या आत खोली सोडतात."

"पोरगी धाव्वीला हाय वं दादा," रंभा म्हणाली. "सहामाही तोंडावर आलीय. आत्ता कुठं न्यावं तिला?"

निरंजननं तिच्याकडं पाहिलं नाही.

ओट्यावर त्याची आई बसली होती, कुसुमताई. सत्तरी ओलांडलेली, सडपातळ बाई. मागच्या वर्षी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. नवरात्राचे उपास असल्यानं चेहरा ओढला होता, आणि डोळे रडून लाल. शफीला बघून ती उठली आणि अनवाणीच अंगणात आली.

"शफीभाऊ, काटा नीट बघ रं. गरिबाच्या पोटावर पाय येतोय."

"बघतो ताई. तुम्ही बसा, खडी टोचंल."

कोंडीराम खाली मान घालून उभा होता. त्यानं एकदा वर पाहिलं, ते कुसुमताईकडं, आणि लगेच नजर वळवली. शफीनं ते टिपून ठेवलं.

२

खाद्य कालवायचं यंत्र या गोठ्यात वर्षापूर्वी आलं होतं. पाण्याच्या टाकीएवढं लोखंडी पिंप, आत फिरणारं मळसूत्री पातं, चार पाय. प्रत्येक पायाखाली वजन ओळखणारा सेन्सर आणि समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. पिंपाच्या कडेला एक लोखंडी शिडी बोल्टनं जोडलेली होती, वरून आत डोकावायला. पाटीवरचा आकडा वाकडला निरंजनच्या मोबाइलवरही दिसे.

शफीनं टेंपोतून वीस-वीस किलोची पाच वजनं काढली. आधी चारही पायांवरच्या कड्यांना एकेक वजन टांगून पाहिलं. चारही वेळा पाटीवर वीस. मग तो शिडी चढून एकेक वजन पिंपात सोडत गेला. पाचवं सोडल्यावर खाली उतरला, हात झटकले आणि मगच म्हणाला, "हां, आता वाच."

"शंभर," निरंजन म्हणाला. "बरोबर शंभर."

शफीनं पायाखालचे सेन्सर पाहिले, वायरी चाचपल्या, पिंपाच्या तळाशी कुठं शेण किंवा दगड अडकलाय का ते पालथं पडून बघितलं. कुठंच काही नव्हतं. वजनं काढून घेतली, खाली आला. पाटीवर शून्य.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि खरं बोललं की समोरच्या माणसाचं घर उठणार होतं.

"काटा खरा हाय," तो म्हणाला.

"झालं तर," निरंजन म्हणाला. "सात दिवसांचा हिशेब माझ्या मोबाइलमध्ये आहे. भरडा रोज दीडशे किलो, जेवढा हवा तेवढाच. म्हणजे ह्यानं नंतर, माझ्या मागं, हातानं वरून टाकला. दूध वाढलेलं दाखवायचं असेल, नाहीतर आळस."

"दादा, देवाशपथ न्हाई!" कोंडीरामचा आवाज फाटला. "पाटीनं सांगितलं तेवढंच टाकलंय म्या. चाचा, काटा खरा म्हणता... मग म्या खोटा व्हय?"

शफी त्याच्याकडं बघत राहिला. काटा खरा होता. आणि हा माणूसही त्याला खरा वाटत होता. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"निरंजन, किती वाजलं?"

"नऊ."

"बाराला अजून तीन तास हायेत. तोवर कागद मागू नको."

३

शफीनं कोंडीरामला कडुलिंबाखाली नेलं.

"रोज काय करतोस ते पहिल्यापासून सांग."

"पावणेसातला पैलं ताज्या व्यायलेल्या गाईंचं खाद्य. अठरा गाई. बाकीच्या साठ गाईंचं नंतर. तर आधी कुट्टी टाकायची, वाळल्या कडब्याची. पाटीवर शंभर झालं की म्या गोदामाकडं जातो, भरड्याची पोती आणायला. तिथं पोचलो की दादांना मिस कॉल द्यायचा."

"तो कशाला?"

"झिरो मारायला, म्हंजे पाटी शून्यावर आणून भरडा वेगळा मोजता येतो. पैले म्याच बटण दाबायचो. एकदा चुकलं, तवापासून दादा तिकडूनच मोबाइलवर झिरो मारतात. मग म्या गाडा घेऊन येतो आन पाटीवर दीडशे होईस्तोवर भरडा ओततो. शेवटी हिरव्या मक्याचा मुरघास. झालं."

"भरड्याची पोती किती लागतात?"

कोंडीरामनं आवाज खाली आणला. "तिसाचं एक पोतं. पाच लागायची. घटस्थापनेपासून जवळजवळ सात जायलीत."

"आणि तू गप बसलास?"

"गप कशानं? पैल्याच माळेला फोन केला. म्हणलं, दादा, पोतं ओतायच्या आधीच पाटी उणे दाखवायलीय, दोन पोती जास्त जायलीत. दादा मीटिंगमधी होते. म्हणले, डोकं चालवू नको, पोती मोजू नको, आकडा बघ." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "वर तिसऱ्या माळेला मलाच बोलले. म्हणले, तू कुट्टी दीडशेच्या वर टाकायलास, इथं दिसतंय मला. उद्यापासनं पन्नासवर थांब. म्हणलं, दादा, हितं पाटीवर शंभरच असतंय. ऐकलं न्हाई. चौथ्या माळेपासनं कुट्टी निम्मी केली."

"आणि गाई कधी बसल्या?"

"सहाव्या माळेला."

शफीनं मान हलवली. गोष्ट विचित्र होती, पण डॉक्टरच्या बोलण्याशी जुळत होती. भरडा जास्त, कुट्टी कमी.

"गोदाम किती लांब हाय?"

"हे काय, दीडशे पावलं."

"आणि गाडा घेऊन परत यायला तुला किती येळ लागतो?"

"धा-बारा मिनटं," कोंडीराम बोलून गेला आणि त्याला आपली चूक कळली. "पोती जड असतात, चाचा."

"मी जड वजनं उचलण्यात म्हातारा झालो. दीडशे पावलांना बारा मिनिटं लागत न्हाईत. कुणासाठी थांबतोस?"

कोंडीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "त्याचा आन ह्याचा काय संबंध न्हाई. खोली गेली तरी चालंल, पण ते इचारू नका."

तेवढ्यात गोठ्यातून आरडाओरडा ऐकू आला. "सापडलं! विष सापडलं!"

४

ओरडत होते उद्धवराव. निरंजनचे चुलते, शेजारच्याच बांधाचे मालक. अंगानं भारी, पांढऱ्या कपड्यांना एक चुणी नाही. आपली जमीन त्यांनी केव्हाच एका कंपनीच्या गोदामाला भाड्यानं दिली होती आणि निरंजननंही गोठा मोडून तेच करावं, म्हणून ते दोन वर्षं मागं लागले होते. त्यांच्या तळहातावर भाकरीचा एक वाळका तुकडा होता.

"चांदणीच्या गव्हाणीत मिळाला. गूळ लावलेला आहे. गोठ्यात भाकरी कशाला येईल? विष घालायलाच ना!"

"ते तुकडे मला रोजच दिसायलेत," रंभा म्हणाली. "घट बसल्यापासनं. म्हणलं, कुणी टाकत असंल."

"बघा! रोज दिसतात आणि बाई सांगत नाही. नवराबायको दोघं सामील. निरंजन, मी कधीचा सांगतोय, हा धंदा आपला राहिला नाही. गोदाम बांध आणि मोकळा हो."

शफीनं तुकडा घेतला, हुंगला आणि चक्क तोंडात टाकला.

"चाचा!" निरंजन ओरडला.

"बाजरीची हाय. चांगली भाजलेली." शफीनं तो चावून गिळला. "उद्धवराव, इखानं गाय मरायला सात दिवस लागत न्हाईत. आणि डॉक्टरनं सांगितलंय, पोट आंबून गेली. बरं, भरड्याचं पोतं नासकं म्हणावं, तर तेच पोतं खाऊन पलीकडच्या साठ गाई ठणठणीत. बिघडलं ते फक्त अठराजणींचं खाद्य. तुम्ही सकाळचं कधी हिकडं येता का?"

"माझ्यावर संशय घेतोस होय रे?" उद्धवराव तापले. "मी पावणेसातला अंथरुणात असतो. आणि या पोटानं ती यंत्राची शिडी मला चढता तरी येईल का?"

रंभाला ऐन संकटातही हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

शफी मात्र हसला नाही. तो शिडीकडं बघत होता. मग जवळ गेला आणि गुडघ्यावर बसला. तिसऱ्या पायरीवर वाळलेल्या चिखलाचा ठसा होता. पाच बोटं, स्पष्ट. गोठ्यात तर रंभा आणि कोंडीराम दोघंही रबरी बूट घालून वावरत.

"निरंजन," तो न उठताच म्हणाला, "तुझ्या मोबाइलमधी नुसते बेरजेचेच आकडे असतात, का क्षणाक्षणाचं वजन पण राहतं?"

"राहतं. रेघ असते. मी कधी उघडून बघितली नाही."

"आता उघड."

५

मोबाइलच्या पडद्यावर पहिल्या माळेची रेघ आली. शफीनं चष्मा लावला. अक्षरांपेक्षा ही लिपी त्याला सोपी होती.

"बघ. ही कुट्टी पडतीय. रेघ कशी चढतीय, थोडी थोडी, हेलकावे खात. शंभरला थांबली. कोंडीराम खरं बोलतोय. आता पुढं सरकव."

निरंजननं बोट फिरवलं. दोन मिनिटं रेघ आडवी होती. मग एकाएकी ती भिंतीसारखी उभी चढली.

"एकशे साडेचोपन्न," निरंजन पुटपुटला. "एकदम?"

"कुट्टी अशी पडत न्हाई. भरडाही पडत न्हाई. एका दमात साडेचोपन्न किलो वर आलं. त्यानंतर हे काय?"

"मी झिरो मारला. मिस कॉल आला होता, आकडा स्थिर दिसला. मी... मला वाटलं, ह्यानं कुट्टी जास्त टाकलीय."

"आणि त्याच्या पुढं?"

रेघ एकदम खाली गेली होती. शून्याच्याही खाली. उणे साडेचोपन्न. आणि तिथून पोत्यापोत्यानं चढत दीडशेला.

निरंजनचा अंगठा थांबला. हिशेबाचं शिक्षण त्याचंच झालेलं. "म्हणजे भरडा दीडशे नाही. दोनशे साडेचार गेला. आणि मी कुट्टी निम्मी करायला लावली..."

"पिंपात पडलं ते पिंपात राहतं. हे वर आलं आणि उतरून गेलं. म्हणजे आपल्या पायानं आलं आणि आपल्या पायानं गेलं. सगळ्यांना वाटतं, काटा आत पडलेलंच मोजतो. पण ती शिडी पिंपाला जोडलेली हाय. तिच्यावर जो उभा राहील तो काट्यावर उभा राहिला. मघाशी मी वजनं आत सोडली, आणि खाली उतरल्याशिवाय तुला वाच म्हणालो न्हाई. जुनी सवय. ती सवय तुम्हाला कुणी शिकवली न्हाई."

"पण कोण चढतं रोज? कोंडीराम गोदामात. रंभा त्या वेळी धारा काढते."

शफीनं पुढच्या सहा दिवसांचे आकडेही काढायला लावले आणि वजनाच्या पावतीच्या पाठीमागं एकाखाली एक लिहिले. साडेचोपन्न. चोपन्न. चोपन्न. साडेत्रेपन्न. त्रेपन्न. साडेबावन्न. साडेबावन्न.

तो त्या यादीकडं पाहत राहिला. मग त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याचा चेहरा एकदम थकल्यासारखा दिसू लागला.

"कळलं का चाचा?" निरंजन म्हणाला. "कोण आहे?"

"तू इथंच थांब," शफी म्हणाला. "मला आधी एक घोट पाणी पिऊन येऊ दे."

६

कुसुमताई देवघराच्या उंबऱ्यात बसली होती. घटापुढं दिवा तेवत होता. शफी बाहेरच ओसरीवर टेकला.

"ताई, उपास सगळे नऊ दिवसांचे का उठता-बसता?"

"नऊच्या नऊ. नुसत्या दुधावर."

"मग वजन उतरलं असंल."

"आता ह्या वयात वजन कोण बघतंय?"

"काट्यानं बघितलंय, ताई."

तिनं मान वर केली. शफीनं कागद उलगडून तिच्यापुढं ठेवला नाही, नुसता हातात धरला.

"कोंडीरामनं सांगितलं?" तिनं विचारलं.

"त्यानं तोंड उघडलं न्हाई. खोली गेली तरी चालंल म्हणाला."

कुसुमताईनं पदरानं डोळे टिपले. "चांदणी अडली व्हती रं. वासरू आडवं. मी देवीला म्हणलं, सुटू दे हिला, नऊ दिस माझ्या हातानं गोग्रास देईन. पयली भाकरी गाईला, मग घराला. पर निरूनं गोठ्यात बाहेरचं कायबी द्यायची बंदी केलेली. गुडघा झाल्यापासनं तर मला गोठ्यात पायच ठेवू देत न्हाई. पुन्हा दिसलीस तर वाकडला नेऊन ठेवीन म्हणतो. चौदाव्या मजल्यावर मी काय करू, शफीभाऊ? तिथनं गाय मुंगीएवढी दिसंल." तिनं दिव्याची वात सारखी केली. "मग म्हणलं, यंत्रात टाकली तर चांदणीच्या पोटात जाईलच की. कोंडीराम कुट्टी टाकून गेला की चढायची, देवीचं नाव घ्यायचं, भाकरी कुस्करून टाकायची, उतरायचं. मी पडू नये म्हणून तो बिचारा गोदामाच्या दारातनं बघत उभा राहायचा. त्याला माझी शपथ घातलीया. पर त्याचा आन गाय मरायचा काय संबंध?"

खोटा कागद शफीनं कधी दिला नव्हता. पण इतका जड कागदही कधी दिला नव्हता. त्यानं तिला हळूहळू सगळं समजावलं. शिडी, रोजचे आकडे, झिरो, दोन पोती, निम्मी कुट्टी.

ऐकता ऐकता तिचे हात मांडीवर निपचित पडले.

"म्हंजे चांदणीला मी मारलं."

"न्हाई, ताई. तुम्ही नुसत्या उभ्या राहिला. शिडी पिंपाला जोडणाऱ्याला कळायला पाहिजे व्हतं. तिकडं बसून झिरो मारणाऱ्यानं इथं काय चाललंय ते इचारायला पाहिजे व्हतं. ज्यानं इचारलं, त्याला गप बसवलं."

"आता तू काय सांगणार निरूला?"

"काटा खरा हाय, एवढं सांगितलंय. कोंडीरामनं चूक केली न्हाई, हे सांगणार. बाकी तुमच्यावर सोडतो. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार न्हाई."

"नाव न सांगता निरू त्याला सोडंल?"

शफीनं कागद पुन्हा खिशात ठेवला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

कुसुमताई भिंतीला धरून उठली.

७

अंगणात सगळे जमले होते. साडेअकरा वाजले होते. कोंडीरामनं पेटीला दोरी बांधायला घेतली होती. कुसुमताई अनवाणी चालत सरळ यंत्रापाशी गेली आणि शिडीला हात घातला.

"आई! अगं काय करतेस? गुडघा!" निरंजन धावला.

"लांब हो." तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो जागीच थांबला. "कोंडीराम, आज जवळ उभा राहा रं बाबा."

कोंडीराम दोरी टाकून आला आणि शिडीखाली दोन्ही हात पसरून उभा राहिला. एक पायरी, दुसरी, तिसरी. वाळलेल्या ठशावर तिचा पाय नेमका बसला.

"आता वाच, निरू. किती दाखवतंय?"

निरंजननं पाटीकडं पाहिलं. मग मोबाइलकडं. पुन्हा पाटीकडं.

"बावन्न," तो म्हणाला.

"काल साडेबावन्न व्हते. आज आठवी माळ." ती वरूनच म्हणाली. "चांदणीचा नवस माझा, चूकबी माझी. ह्या माणसानं माझी शपथ पाळली. आता काय वाकडला न्यायचं ते मला ने. त्याची पेटी आत ठेव."

निरंजनच्या डोळ्यांपुढून सात सकाळी जात होत्या. वाकडच्या घरात चहाचा कप, मिस कॉल, पडद्यावरचा स्थिर आकडा, आणि त्यावर अंगठा. सातही वेळा आई तिथं उभी होती, हात जोडून. आणि सातही वेळा त्यानं तिला एका बटणानं शून्य केलं होतं.

तो पुढं झाला. कोंडीरामनं एक हात धरला होता, त्यानं दुसरा धरला. दोघांनी मिळून तिला उतरवलं. मग तो पेटीपाशी गेला, अर्धवट बांधलेली दोरी सोडली, पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि खोलीकडं चालू लागला.

"दादा, र्‍हाऊ द्या वं, मी नेतो," कोंडीराम मागं धावला.

"तू पोती मोजून सांगितलीस, मी ऐकलं नाही," निरंजन दारातून म्हणाला. "तेव्हा ऐकायला हवं होतं."

उद्धवराव खाकरले. "बरं, मग मी निघतो. जेवायची वेळ झाली."

"थांबा की, उद्धवराव," शफी म्हणाला. "तुम्हीबी एकदा शिडी चढून जा. काट्याची सगळ्यात वरची हद्द तपासायची राहिलीय."

आता मात्र रंभा पदर न लावता हसली.

दुपारी शफीनं शिडीचे बोल्ट काढले. खाली स्वतंत्र चौकट वेल्डिंग करून ती जमिनीवर उभी केली. पिंप आणि शिडी यांच्यात चार बोटं अंतर. मग स्वतः चढून वर उभा राहिला. पाटीवरचं शून्य हललं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं, अवजारं पुजायचा दिवस; त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. निरंजन रात्री वाकडला गेलाच नव्हता. सकाळी त्यानं आणि कोंडीरामनं मिळून टोपल्यांनी हातानं खाद्य घातलं. आजारी गाईंना नुसता वाळका कडबा. पाचातल्या तिघी उभ्या राहिल्या होत्या, एक रवंथ करत होती.

निरंजन ताटलीत भाकरी घेऊन ओट्यावर आला. "आई, नववी माळ राहिलीय."

"मी न्हाई देत आता कुणाला काय," कुसुमताई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "डॉक्टरला इचारलंस का?"

"विचारलं. एक घास चालेल म्हणाले. हातानं द्यायचा, माझ्यासमोर."

ती उठली. रवंथ करणाऱ्या गाईपाशी गेली आणि तळहात पुढं केला. गाईनं आधी हुंगलं, मग खरबरीत जीभ काढून घास उचलला आणि रिकामा तळहातही दोनदा चाटला. कुसुमताईनं तो हात तसाच पुढं धरून ठेवला.

शफीला पूजेला बोलावलं होतं. त्यानं झेंडूची जाड माळ पिंपाला घातली. पाटीवर एकदम लाल आकडा उमटला. अर्धा किलो.

निरंजनचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मोबाइल बाहेर आला, अंगठा बटणापर्यंत पोचला. मग त्यानं मान वर केली आणि पिंपावर काय आहे ते आधी डोळ्यांनी पाहिलं. झेंडू होता. खाली त्याची आई उभी होती, हात जोडून, दोन्ही पाय जमिनीवर.

त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.